सुदामभाऊंचे कान

अंबरनाथला आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि तळमजल्याच्या खिडक्या यांच्यामध्ये दहा फुटांची एक पट्टी आहे. बिल्डर तिथे फरशी घालणार होता, पण घातली नाही. सोसायटीलाही पुढे ती कधी आठवली नाही. तळमजल्यावरच्या सुदाम रोकड्यांनी रिटायर झाल्यावर त्या पट्टीतली फुटकी कौलं, सिमेंटची ढेकळं, बाटल्या असं सगळं उचललं, पालेगावच्या बाजूने टेम्पोभर लाल माती आणली, आणि तेव्हापासून आमच्या अख्ख्या इमारतीला कढीपत्ता विकत घ्यावा लागलेला नाही. अळू, घेवडा, गवती चहा, एक शेवगा, आणि पावसाळ्यात मांडवावर पडवळ. मी त्यांच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहते. उल्हासनगरच्या एका शाळेत मराठी शिकवते. नोकरीची दोन वर्षं उरली आहेत.

सुदामभाऊंनी अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर चौतीस वर्षं काढली. पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, धाडकन घाव बसला की खालून डब्याचं झाकण बाहेर. शेडमध्ये असे अकरा प्रेस एका ओळीत. आठ तास तो आवाज. जो तो ओरडून बोलायचा, आणि तीच सवय घेऊन घरी यायचा.

सुदामभाऊंची सवय तर रिटायर झाल्यावरही सुटली नाही. सकाळी सहाला ते बागेतून हाक मारायचे, "गयाऽ, चहा झाला का?" आणि चौथ्या मजल्यावरचे लोक आपलाही चहा टाकायचे. त्यांना गयाबाईंचं उत्तर ऐकू यायचं नाही. मग गयाबाई आणखी मोठ्याने ओरडायच्या. नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, या घरात रोज सकाळी भांडण होतं. मी पहिल्या महिन्यात तसंच समजून एकदा समजूत घालायला खाली गेले होते. दोघं पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. "भांडण? आमचं?" सुदामभाऊ इतक्या जोरात म्हणाले, की मी दारातच थांबले.

ऐकू कमी येतं हे त्यांना बिलकूल मान्य नव्हतं. गयाबाईंनी हिंग आणायला सांगितला तर ते शेवग्याच्या शेंगा घेऊन यायचे आणि वर म्हणायचे, "तूच शेंग म्हणालीस." लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, ही त्यांची कायमची तक्रार. "मोबाईल आल्यापासून सगळ्यांच्या जिभा जड झाल्यात मॅडम. पहिले कसं लोक मोकळं बोलायचे."

त्यांची मुलगी माया पालेगावच्या नव्या टॉवरमध्ये राहते, एका पॅथॉलॉजी लॅबच्या ऑफिसात काम करते. ती दर रविवारी यायची आणि दर रविवारी कानाच्या मशीनचा विषय काढायची. मग सुदामभाऊ खुरपं घेऊन मागच्या दाराने बाहेर पडायचे. बागेत त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. अळूला काय हवं ते अळूच्या पानावरून दिसतं, त्याला कान लागत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, एका शनिवारी, माझी अर्धी शाळा होती. साडेबाराच्या सुमारास मी गेटमधून आत आले, तर कुठूनतरी बारीक आवाज येत होता. आधी मला मांजर वाटलं. जिन्यापाशी आले तेव्हा शब्द कळले. "कोणी आहे का... अहो..." रोकड्यांच्या दारामागून आवाज येत होता. दार ओढून घेतलेलं, लॅच लागलेलं. मी धावत इमारतीला वळसा घालून मागे गेले.

सुदामभाऊ मांडवाखाली स्टुलावर उभे होते. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला वजन बांधतात. लोक दगड बांधतात, ते कंपनीतून आणलेले जुने लोखंडी नट बांधायचे. तेच काम चाललं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते वळले आणि हसले.

"मॅडम, हे बघा. हा पठ्ठ्या वेल तुमच्या खिडकीपर्यंत चढतो की नाही सांगा."

मी बाथरूमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांच्या स्टुलापासून ती सहा-सात पावलांवर होती. काचेच्या पट्ट्यांच्या फटीतून चार बोटं बाहेर आली होती आणि हलत होती.

ते स्टुलावरून उतरले कसे हे मला आठवत नाही. नट मातीत पडले एवढं आठवतं.

गयाबाई बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरल्या होत्या. उजवं मनगट मोडलं होतं, कंबरेला मुका मार होता, उठता येत नव्हतं. खिडकीखालच्या कट्ट्याला धरून त्या कशाबशा अर्ध्या वर झाल्या होत्या आणि पट्ट्यांमधून त्यांना नवऱ्याची पाठ दिसत होती. दवाखान्यात जाताना रिक्षात सुदामभाऊंनी विचारलं, "किती वेळ हाक मारत होतीस?"

गयाबाईंनी डाव्या हाताने 'जरासा' अशी खूण केली. दवाखान्यात ते औषधं आणायला गेले तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "टीव्हीवर बाराच्या बातम्या लागल्या तवा पडले मी. त्यांना सांगू नका." आवाज पार फुटला होता, घोगरा झाला होता.

मी नाही सांगितलं. मायाने आईकडून काढून घेतलं आणि सांगितलं. संध्याकाळी प्लास्टर घातलेल्या आईला घरी आणल्यावर तिने बाबांसमोर उभं राहून, एकेक शब्द तोडून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगितलं. "आई अर्धा तास ओरडत होती बाबा! तुम्ही तिथे उभे होतात!" सुदामभाऊंनी ऐकलं. मागचं दार उघडून बागेत गेले, आणि गयाबाईंनी मायाला रागावून त्यांना बोलवायला पाठवेपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कामाला लागले. प्रेसवरचा माणूस, हातात कसब होतं. बाथरूम, स्वयंपाकघर आणि पलंग, तिन्हीकडून त्यांनी नायलॉनची हिरवी दोरी काढली, खिळ्यांवरून, छोट्या पुलीवरून फिरवत खिडकीतून बाहेर नेली आणि पडवळाच्या मांडवाला बांधली. दोरी ओढली की मांडव हलायचा आणि नट बांधलेली सगळी पडवळं एकदम झुलायची. बागेत कुठेही उभं असलं तरी दिसायचं. मला मुद्दाम वरून खिडकीतून बघायला लावलं. गयाबाईंनी पलंगावरून डाव्या हाताने दोरी ओढली. पडवळं झुलली. सुदामभाऊ खुरपं टाकून आत धावले आणि पुन्हा बाहेर येऊन मला म्हणाले, "बघितलं? आता काय टेन्शन नाय."

लोक मुद्दाम दोरी बघायला यायचे. कौतुक करायचे. तिसऱ्या मजल्यावरचे विष्णुपंत तर म्हणाले की याचं पेटंट घ्या.

पण गयाबाईंचा आवाज परत आला नाही. हात सुधारत होता, गळा नाही. तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा तसाच, संध्याकाळी तर नुसतीच हवा. माया त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही सोबत होते, कारण गयाबाई माझ्याशिवाय जायला तयार नव्हत्या. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं. म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत. साध्या आहेत, घाबरू नका, पण या एका दिवसाच्या ओरडण्याने झालेल्या नाहीत, बऱ्याच वर्षांच्या आहेत.

"काम काय करता आजी? शिक्षिका होतात का? की भाजीचा धंदा?"

गयाबाई म्हणाल्या, "नाही. नवऱ्याशी बोलते."

डॉक्टर हसले, मग आमच्याकडे बघून हसायचे थांबले. त्यांनी लिहून दिलं, दोन महिने मोठ्याने बोलायचं नाही. हळू बोला किंवा गप्प बसा. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल.

घरी आल्यावर मायाने हे बाबांना समजावलं नाही. तिने तो कागद त्यांच्या हातात दिला. सुदामभाऊंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला. त्या संध्याकाळी बागेत पाणी घालताना मी त्यांना वरून बघत होते. पाइप अळूत सोडून दिला होता, वाफा भरून पाणी वाटेवर आलं होतं, आणि ते भिंतीला टेकून उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर ते जिन्यात उभे. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले.

"मॅडम, तुमच्या उल्हासनगरात कानाचं दुकान आहे काय हो?"

होतं. आणि ते माझ्याच एका विद्यार्थ्याचं होतं. कमलेश, सिंधी मुलगा, दहावीला माझ्या वर्गात होता. मराठीत काठावर पास झाला. आता स्वतः ऑडिओलॉजीचं शिकून त्याने कॅम्प चार भागातल्या बाजारात, पडद्यांच्या आणि गाद्यांच्या दुकानांमध्ये, कानांची तपासणी आणि मशीनचं छोटं क्लिनिक टाकलं होतं. शाळा सुटल्यावर मी सुदामभाऊंना तिथे घेऊन गेले.

"टीचर! आओ, आओ, बसा." कमलेशने आम्हाला पाणी दिलं. "काका, टेन्शन घ्यायचा नाही. हा हेडफोन लावा. कानात टी, टी असा आवाज येईल. आला की हात वर करायचा. एकदम बारीक असला तरी. ओके?"

सुदामभाऊ काचेच्या लहान खोलीत बसले. समोर काच, काचेपलीकडे कमलेश आणि त्याचं यंत्र. मी बाजूच्या बाकावर. तपासणी सुरू झाली आणि सुदामभाऊंचा हात पटापट वर जायला लागला. एकही आवाज सुटेना. मला तर वाटलं, या माणसाला आमच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. कमलेशही थोडा वेळ कोड्यात पडला. मग त्याने बटणावर बोट नुसतं ठेवलं, दाबलं नाही. सुदामभाऊंचा हात वर गेला.

कमलेश उठला, काचेचं दार उघडून आत गेला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मोठ्याने, हळूहळू बोलला. "काका, तुम्ही माझं बोट बघताय."

सुदामभाऊंचा चेहरा शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला. मी तीस वर्षं असे चेहरे बघत आले आहे, पण अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा कधी बघितला नव्हता. ते हेडफोन काढून हातात घेऊन बसले. मग बोलायला लागले, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात.

कंपनीत दर वर्षी गाडी यायची, कानांची तपासणी करायला. ज्याचे कान गेले त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकायचे. पॅकिंगमध्ये पगार कमी, आणि प्रेसवाल्याची इज्जत नाही. शिवाय प्रेस ऐकूनच चालवावा लागतो. डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, जरा सरकली तरी घावाचा आवाज बदलतो, तो ज्याला कळला त्याची बोटं शाबूत. सुदामभाऊंना तो आवाज शेवटी शेवटी कानाने कळत नव्हता, पायाखालच्या फरशीतून कळायचा. पण हे कोणाला सांगणार? मग तपासणीवाल्याच्या बोटाकडे बघून ते हात वर करायचे. अकरा वर्षं. बाजूच्या प्रेसवर महिपती दळवी होता, त्यालाही त्यांनीच हे शिकवलं.

"माया लहान होती तेव्हा. तिची शाळा, घराचा हप्ता. पॅकिंगला गेलो असतो तर..." ते थांबले. "नंतर सवय लागली. कान बरेच आहेत असं मलापण वाटायला लागलं."

कमलेशने सगळं ऐकून घेतलं. मग त्यांची खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"काका, इथे नापास झालं तरी नोकरी जात नाही. आता परत करू."

यावेळी सुदामभाऊंचा हात क्वचितच वर गेला. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले होते. मान थोडी पुढे, हात मांडीवर, आवाजाची वाट बघत. बराच वेळ काहीच व्हायचं नाही, मग हात अर्धा वर यायचा आणि घाबरून खाली जायचा.

आठवड्याने मशीन आलं. कानामागे बसणारं, राखाडी रंगाचं, दोन्ही कानांना एकेक. कमलेशने ते बसवलं, लॅपटॉपवर काहीतरी केलं, आणि म्हणाला, "बोला काका, नाव काय तुमचं?"

"सुदाम ग..." एवढं बोलून ते दचकून मागे सरकले. स्वतःचाच आवाज होता तो. मग अगदी हळू, चोरून बोलल्यासारखं म्हणाले, "सुदाम गणपत रोकडे." आणि माझ्याकडे बघून आणखी हळू, "मॅडम, मी रोज एवढ्यानं बोलतो?"

मी मान हलवली. खोटं कशाला बोलायचं!

बाहेर बाजारात आलो तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. कापड फाडण्याचा आवाज, शटर, हॉर्न, समोरच्या कारखान्यातल्या शिलाई मशीन, गाद्यांचा कापूस पिंजणारं यंत्र. रिक्षात ते डोळे मिटून बसले होते. उतरल्यावर म्हणाले, "सगळं इतकं वाजतं?"

आम्ही घरी आलो तेव्हा गयाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून आखडलेला होता. दार वाजल्यावर त्यांनी मागे न बघता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं हळूच विचारलं, "आलात? मॅडमना बसवा. चहा ठेवते."

सुदामभाऊ चप्पल काढत होते. एक पाय चपलेत, एक बाहेर, असे थांबले.

"परत बोल."

"काय?"

"काहीपण. बोल."

गयाबाई वळल्या. त्यांच्या कानाकडे बघितलं. "हात दुखतोय," त्या म्हणाल्या. "चहा तुम्हीच ठेवा मग."

"असा आवाज आहे होय तुझा?"

"कसा?"

भिंतीला हात टेकवून सुदामभाऊंनी दुसरी चप्पल काढली. "मला वाटायचं, तू सारखी चिडलेली असतेस," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं, ही आपल्यावर चिडलेलीच असते."

"ओरडल्याशिवाय तुम्हाला ऐकू कुठं यायचं!" गयाबाई म्हणाल्या, आणि ओट्याकडे तोंड करून उगाच डबे सरकवायला लागल्या. मी चहाला थांबले नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर सुदामभाऊच मला खोटं पाडतील. मशीन त्यांना पहिले पंधरा दिवस नकोसं झालं होतं. स्टीलची भांडी, कुकर, प्लास्टिकची पिशवी, सगळं कानात घुसायचं. ते काढून खिशात ठेवायचे. एकदा शर्टासकट धुण्याच्या बादलीत जाता जाता वाचलं. आणि गयाबाईंची वेगळीच पंचाईत झाली. इतकी वर्षं त्या काम करताना मनातलं सगळं तोंडाने बोलत आल्या होत्या, नवरा मागे बसला असला तरी. "मातीचे पाय घेऊन आलं परत घरात. पुसणार कोण, मी." आता मागून उत्तर येऊ लागलं, "पुसतो मी." पहिल्यांदा त्यांच्या हातातला झाराच पडला. मला म्हणाल्या, "मॅडम, माझी एवढी एक सोय होती, तीपण गेली."

पहाटे त्या बुद्धवंदना म्हणतात. सुदामभाऊंना इतकी वर्षं फक्त त्यांचे ओठ हललेले दिसायचे. आता ते बागेत जाण्याआधी दाराशी थांबतात. एकदा मला सांगत होते, "ती मध्येच दोन ओळी गाळते मॅडम. मी सांगितलं नाही."

डिसेंबरात त्यांना महिपतीची आठवण झाली. खरं तर आठवण रोज होती, पण आता वेगळ्या कारणाने झाली. महिपती दळवी बदलापूरला मुलाकडे राहत होते. वर्षभरापूर्वी सुदामभाऊ भेटायला गेले होते तेव्हा महिपतीच्या सुनेने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बाबांचं डोकं आता काम करत नाही. विचारलं एक तर सांगतात भलतंच. हाक मारली तर येत नाहीत. कुठे लग्नकार्यात उगाच हसतात. आता एकटं खाली सोडत नाही आम्ही. सुदामभाऊंनी तेव्हा ते मान्य केलं होतं, कारण महिपती आणि ते दोन तास शेजारी बसले आणि काहीच बोलणं झालं नव्हतं.

"दोन बहिरे बसलेले, बोलणं होणार कसं?" ते मला म्हणाले. "मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. बोटाची युक्ती मीच शिकवली त्याला."

एका सोमवारी ते शेअर रिक्षाने बदलापूरला गेले, पिशवीत घेवडा आणि अळूची पानं घेऊन. पुढचं मी पाहिलेलं नाही, त्यांनी सांगितलं तसं सांगते.

महिपती बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही चालू, आवाज बंद. दाढी वाढलेली. सुदामभाऊंना बघून त्यांनी हात वर केला, ओळखलं होतं. सुदामभाऊंनी खुर्ची पुढे ओढून बोलून बघितलं, आधी हळू, मग जुन्या शेडमधल्या आवाजात. महिपती नुसते हसत होते. मग सुदामभाऊंनी एक काम केलं, ज्यासाठी कमलेशने त्यांना नंतर चांगलंच झापलं. उजव्या कानातलं स्वतःचं मशीन काढलं, रुमालाने पुसलं आणि महिपतीच्या कानात बसवलं. डाव्या कानातलंही काढलं, म्हणाले, अर्धवट कशाला. ते दुसऱ्या कानात.

आता सुदामभाऊंना काही ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त दिसत होतं. त्यांना दिसलं ते असं. महिपतीने मान वर करून पंख्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग एक हात मांडीवर आपटून बघितला, परत आपटला. त्यानंतर ते स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून काहीतरी बोलले. दोन-चारच शब्द असावेत. आणि आतून त्यांची सून बाहेर आली, हातात कोथिंबीर तशीच, आणि दारात उभी राहून सासऱ्याकडे बघत राहिली. मग तिने दुसरा हात तोंडावर ठेवला.

"मला काय कळेना," सुदामभाऊ म्हणाले. "मी म्हटलं, काय झालं? काय बोलला तो? ती माझ्याकडे बघून सांगत होती, पण मशीन महिपतीच्या कानात. मग तिनं कागदावर लिहून दाखवलं."

महिपती म्हणाले होते, "सूनबाई, कुकरची तिसरी शिट्टी झाली."

पुढे तपासणी झाली तेव्हा महिपतीचा डावा कान कायमचा गेलेला निघाला. उजवा मशीनने बऱ्यापैकी चालतो. थोडं विसरतातही ते, ते खरंच आहे, त्याचं वेगळं औषध चालू आहे. पण सून आता त्यांना खाली जाऊ देते. पहिल्या दिवशी ते कुठे गेले, तर इमारतीखालच्या टपरीवर जाऊन एक चहा घेतला, आणि टपरीवाल्याशी तासभर भांडत बसले. सुनेने फोन करून सुदामभाऊंना हे सांगितलं तेव्हा ती हसत होती.

सुदामभाऊंनी आता एका जुन्या कॅलेंडरच्या मागे शेडमधल्या सगळ्यांची नावं लिहून काढली आहेत. अकरा प्रेस, दोन पाळ्या. काही नावांपुढे फुली आहे, ती माणसं राहिली नाहीत. काहींचा पत्ता नाही. एक जण गावी, एक चिखलोलीला मुलीकडे, दोघं उल्हासनगरातच, पण कुठे ते शोधावं लागेल. चिखलोलीवाल्याकडे ते गेल्या रविवारी जाऊन आले. त्याने दारातच सांगितलं, मला सगळं ऐकू येतं, तू हळू बोलतोस.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार! चहा घेतला, बसलो. तो बोलला, मी ऐकलं." त्यांनी मातीचे हात पँटला पुसले. "पुढच्या रविवारी परत जाणार आहे. गयाला घेऊन. घशाचं तिलाच सांगू दे."